थोरलीचं घर

गाडी थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"आई, लवकर या हं," सून म्हणाली. "इथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"कुत्र्याला भेटायला नाही गं आले मी." केस पिकले, नातवंडं झाली, तरी आपल्या माणसांत ती अजून धाकटीच.

ही वस्ती तिच्या माणसांनीच वसवलेली. समुद्र ओलांडून आलेल्या गवंड्यांनी दगडाच्या खाणीशेजारी आपलं मागे राहिलेलं गाव जसंच्या तसं बांधलं. त्याच गल्ल्या, तेच शेजार. जे आले नव्हते त्यांचीही घरं बांधली. मागाहून आले म्हणून त्यांनी उघड्यावर का राहायचं?

धाकटीची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी थांबली होती. "त्यांचं झालं की येतेच. माझं घर तेवढं झाडून ठेव," म्हणाली होती. धाकटीने नेम धरला. आंघोळ झाली की आधी थोरलीचं घर झाडायचं, मगच तोंडात पाणी. थोरली काही आली नाही. खाण संपली, माणसं पांगली, नेम मोडला. ते तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. आता मुलाची बदली लांब झाली होती. जाण्याआधी एकदा झाडून यावं, एवढंच तिचं मागणं.

पदराआड झाडू धरून ती गल्लीत शिरली. माणसं राहून गेलेल्या घरांची छपरं बसली होती. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून झाड वर आलं होतं. न आलेल्यांची घरं मात्र धडधाकट उभी होती. उंबरे पुसलेले. एका दोरीवर ओले कपडे.

तिची पावलं भरभर पडू लागली. भीतीने नव्हे. आली असली तर?

थोरलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. अंगणात पाणी शिंपडलेलं. आत कुणीतरी झाडत होतं.

"ताई?"

झाडण्याचा आवाज थांबला.

"कोण?" तोच आवाज. निरोप देतानाचा, तरुण.

"मी गं. धाकटी."

"काहीतरीच काय, आजी!" आवाज हसला, मग दबका झाला. "धाकटी केव्हाच आलीय. दमून निजलीय आत. हळू बोला."



आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली.

"ताई, कोण आलंय गं?"

"कुणी नाही. नीज तू."