मिरच्यांचा ठसका

दृष्ट काढायला मला कुणीही बोलावतं. पोर रडलं, गाय आटली, की "केसरकाकी, जरा या." त्या मंगळवारी कुलदीप आला. माझ्या शेजारच्या गोदूचा एकुलता लेक, न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला.

"काकी, आयेला परत वारं लागलंय. सारखी वरडते. जरा उतरून टाका." चावी माझ्या हातात देऊन तो नाक्यावर गेला.

गोदू नि मी एकाच साली या आळीत सुना होऊन आलो. पण शिमग्यापासून ती कुणाला दिसली नव्हती. दाराला बाहेरून कुलूप. कुलदीप सांगे नि गाव म्हणे, हडळ लागली. जीभ जडावलीय, चालताना झोकांड्या जातात, अंगावर काळीनिळी बोटं उमटतात. हडळीचीच बोटं ती!

तिन्हीसांज झाली होती. खाडीकडून सुकटीचा वास येत होता. दार उघडलं, तर आत दुसराच वास. मुताचा, नि त्याखाली काहीतरी आंबूस. गोदू भिंतीला टेकून बसलेली. मी खापरात निखारे घेतले, मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या तिच्यावरून उतरल्या नि टाकल्या.

आमच्यात पारख एकच. बाहेरचं खरंच काही असेल, तर मिरच्या जळतात पण ठसका लागत नाही.

मला असा ठसका लागला, की जीव डोळ्यांत आला. गोदूही खोकून खोकून आडवी झाली.

"गोदू, अगं तुला काय बी लागलेलं न्हाय!"

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. तोंडाला दारूचा भपका. जन्मात ताडीला न शिवलेली बाई! मी तिचं मनगट धरून दिव्याजवळ नेलं. नायलॉनच्या दोरीचे वळ, पार कातडीत रुतलेले.

"कोण पाजतं?"

"मी गप ऱ्हावं म्हणून... कामावर जाताना. आधी नाक दाबून वतायचा. आता..." तिनं मान खाली घातली. "आता मीच मागते, केसर. हाय का गं तुझ्याकडं? घोटभर..."

"ऊठ. माझ्या घरी चल."

"त्याला बोलू नको गं. माझा ल्योक हाय."

"झालं का, काकी?"

दारात कुलदीप. खोली धुरानं कोंदलेली, आम्ही दोघी पदरात तोंड घालून खोकत होतो. तो सरळ त्या धुरात आला. छाती भरून श्वास घेतला... खोकला नाही. डोळ्याला पाणी नाही.

मी गोदूला मागं ओढली.

"काय सांगत व्हती म्हातारी?"

त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. पहिला फटका गोदूच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. दुसरा तोंडावर. दाताचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला. मी खापर उचललं नि निखारे त्याच्या छातीवर फेकले. शर्ट पेटला, कातडी चरचरली, जळल्या मांसाचा वास सुटला. त्यानं खाली बघितलं... हसला... नि काठी पुन्हा वर गेली.

मी गोदूला काखेत धरून फरफटत अंगणात आणली, बोंब ठोकली. आळी धावली. गावाच्या आरोग्याचं बघणारी आशाताई प्रणाली, तिनं पोलिसांना फोन लावला. गड्यांनी कुलदीपला बाहेर ओढला. उंबरा ओलांडला मात्र, तो खोकायला लागला. मग लहान पोरासारखा रडायला.

"आये, माझ्या छातीला काय झालं गं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

तो आता कोठडीत आहे. गोदू दवाखान्यातून माझ्याकडं आली. प्रणाली रोज येते, गोळ्या बघते. "आजी, त्या दारू मागतील, हात कापतील, नको ते बोलतील. आजार हाय तो. चिडू नका हां."

मी कशाला चिडू? माझ्या बहिणीसारखी ती.

काल तिन्हीसांजेला फोडणी टाकत होते. गोदूचा मागून एकच धोशा, "घोटभर दे गं केसर... घोटभर..." तेलात मिरच्या काळ्या पडल्या, घर धुरानं भरलं. अंगणात खेळणारी पोरंसुद्धा खोकत पळाली.

एकाएकी धोशा थांबला. मी बघितलं, तर गोदू खोकत खोकत मागं सरकत होती. धड असलेला हात डोक्यावर घेतलेला. नजर माझ्यावर.

माझ्या हातात लोखंडी फुंकणी होती. वर उगारलेली.

मी डोळ्यांना हात लावून पाहिला. कोरडे होते.