थाइमला पाणी कोण घालतंय?

माझ्या थाइमच्या कुंड्यांना कुणीतरी चोरून पाणी घालत होतं. बुंधे काळे पडत चालले होते आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता. सातपूरची नोकरी सोडून मी बिल्डिंगच्या गच्चीवर ही परदेशी पाल्याची शेती मांडली होती. संक्रांतीपर्यंत एखाद्या हॉटेलनं माल घेतला नाही, तर मुकाट्यानं परत नोकरी धरायची, असं पप्पांनी बजावलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी टाकीमागे दबा धरून बसले. चोर आला... समोरच्या फ्लॅटमधला चंदर! सुरगाण्याचा, इथं बँकेत लागलेला. ओले केस, हातात तांब्या. आधी त्यानं त्याच्या आईच्या तुळशीला पाणी घातलं आणि उरलेलं माझ्या कुंड्यांत – इतक्या हळुवारपणे, की माझं ओरडायचंच राहिलं.

"रोज घालता?"

तो दचकला. "तुळशीचं उरलेलं पाणी घरात परत नेऊ नये, म्हणते आई. आणि... तुमची माती कायम कोरडी दिसायची."

"थाइमला कोरडीच लागते. जास्त पाण्यानं मुळं कुजतात."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "मला वाटलं, कधीतरी तुम्ही विचाराल, कोण घालतं म्हणून. तेवढंच बोलणं झालं असतं."

राग आला होता हो, पण टिकेना!

मग आम्ही दोघांनी हिरवे राहिलेले शेंडे छाटले आणि वाळू-खडीत खोचले. तो रोज सकाळी यायचा, मला विचारल्याशिवाय थेंबही घालायचा नाही. थंडीत रोपांनी जीव धरला. त्याच्या आईनं चार पानं बटाट्याच्या भाजीत टाकली आणि हा तर ओव्याचा भाऊ, असं जाहीर केलं. चंदरच्या बोटांनाही तोच वास येऊ लागला... मला कसं कळलं, ते विचारू नका.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गंगापूर रोडच्या हॉटेलातल्या उज्ज्वला मॅडम आल्या. त्यांनी पान चुरडलं, डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाल्या, "दर आठवड्याचा सगळा माल माझा."

पप्पा गच्चीच्या दारात उभे होते. त्यांनी हळूच डोळे पुसले.

"आणि हे कोण? मदतीला ठेवलेत?" मॅडमनी चंदरकडे पाहून विचारलं.

"छे! यानंच माझी झाडं मारली होती," मी म्हणाले. "पण लग्न मी याच्याशीच करणार आहे."

पप्पांनी आ वासला. चंदर लालबुंद झाला.

"मला कुठं विचारलंत अजून?"

"आत्ता विचारतेय."

"मग हो," तो म्हणाला. पप्पांच्या देखत.