अकरा वाजून बारा मिनिटांचं सर्टिफिकेट

शुक्रवारी सकाळी अकरा पंचवीसला रूपराव हमाल सिंदी रेल्वे गावातल्या जिनिंगच्या गोदामात शिरला आणि ओरडतच बाहेर आला. सरकीच्या ढिगावर मालक ताराचंद पालथे पडले होते. मानेत लोखंडी हूक. कापसाच्या गाठी ओढायचा, रूपरावचाच.

अकरा आठपर्यंत ताराचंद फोनवर एका व्यापाऱ्याशी बोलत होते. म्हणजे खून पुढच्या सतरा मिनिटांतला. हूक रूपरावचा, आदल्या दिवशीचं भांडण रूपरावचं, प्रेत सापडलं तेही रूपरावलाच. एवढं सगळं एकाच माणसाच्या नावावर जमलं की ठाण्याला फार बरं वाटतं. त्याला आत टाकलं. शनिवारी दुपारी दोनला कोर्ट.

सहायक निरीक्षक अंकिता झाडे यांना मात्र बरं वाटेना. शनिवारी उजाडल्यापासून रूपरावची बायको धुरपता ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

"मॅडम, मारणारा आपलाच हूक तिथं सोडून लोकाइले हाका मारन का? एवढा येडा असता तर मी त्याच्यापाशी वीस वर्स राह्यली असती?"

युक्तिवाद बरा होता. कोर्टात चालला नसता.

ताराचंदच्या टेबलावर एक चिठ्ठी सापडली होती. अल्लीपूरच्या तीन शेतकऱ्यांची नावं आणि खाली: 'शनिवारी पोलिसांत.' तिघांनी जिनिंगच्या वेबसाइटवर कापूस नोंदवताना आधार नंबर भरला होता. पुढं त्यांच्या नावानं भलत्याच लोकांनी सिमकार्डं घेतली. वेबसाइट सांभाळायचा पुतण्या, पियुष.

पियुष आईबरोबर पिपरी मेघेला राहायचा. जिनिंगपासून चाळीसेक किलोमीटर. अंकिता नऊला तिथं पोचल्या.

"काल अकराच्या सुमारास कुठं होतात?"

"घरीच. वेबसाइटले सर्टिफिकेट लावून राह्यलो होतो. ब्राउझर साइट असुरक्षित दाखवते म्हणून काकाच मागं लागले होते."

"अवघड असतं?"

"काही नाई. प्लगइन टाकायचं, ईमेल द्यायचा, बटण दाबायचं. मिनिटात कुलूप लागते." त्यानं लॅपटॉप वळवला. "हे पाहा. शुक्रवार, अकरा वाजून बारा मिनिटांपासून वैध. हे मी नाई लिहिलं मॅडम, देणाऱ्या संस्थेनं लिहिलं."

"साडेअकराला जिनिंगमधून तुम्हाला चार फोन आले."

"सायलेंटवर होता."

"बारा वीसला उचललात."

"तवा पाहिला."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. दुःखात माणूस इतका नीटनेटका क्वचितच असतो.

वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या कंपनीची नोंद सोमवारशिवाय मिळणार नव्हती. रूपरावकडे तेवढा वेळ नव्हता. अंकिता वर्ध्यात ओळखीच्या छायाच्या कॉम्प्युटर क्लासवर गेल्या. छायानं एका रिकाम्या साइटवर तेच प्लगइन टाकलं आणि ठीक दहाला बटण दाबलं. अंकितांनी सर्टिफिकेट पाहिलं, मग भिंतीवरचं घड्याळ, मग परत सर्टिफिकेट.

"तुमचं घड्याळ बिघडलंय का?"

"नाई हो मॅडम. हे असंच असते."

अकराला त्या पुन्हा पिपरी मेघेला. पियुषची आई सुमित्राबाई चहा घेऊन आल्या.

"काकू, सर्टिफिकेट लागलं तेव्हा याच्याजवळ कोण होतं?"

"मीच ना! लॅपटॉपले हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. भाऊजीनंच सांगतलं होतं, चांगल्या वेळेवर करजो म्हणून."

"किती वाजता?"

"आई, तुले काय आठवते? जाय आत."

"काऊन नाई आठवणार? शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असते. त्यात नारळ फोडीन का मी? बारा वाजू देले, मंग याच्या खोलीची कडी वाजवली. दार उघडेच ना. पाचेक मिनिटांनी हा मागच्या दारानं आला, घामानं भिजलेला. म्हटलं, हातपाय धू अन् बस. त्यानंच बटण दाबलं, माह्या डोळ्यासमोर."

पियुषनं कप खाली ठेवला.

"संस्था सर्टिफिकेटवर सुरुवातीची वेळ मुद्दाम तासभर मागची टाकते," अंकिता म्हणाल्या. "कुणाच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं असलं तरी चालावं म्हणून. छायानं दहाला बटण दाबलं, वेळ आली नऊ वाजून एक मिनिट. तुम्ही बारा दहाच्या सुमाराला दाबलंत, आली अकरा बारा. तुम्हाला हे धंद्यातून ठाऊक होतं. शेतकऱ्यांची माहिती तुम्हीच विकली आणि काका शनिवारी ठाण्यात येणार होते. काल फोन घरी ठेवून मागच्या दारानं मोटरसायकलनं गेलात. परवाच्या भांडणाची बातमी तुमच्यापर्यंत आली होती, म्हणून हूकही रूपरावचाच उचलला. परत येऊन बटण दाबलंत. मशीनचा पुरावा चोख होता. पण या घरात राहुकाळात नवं काम सुरू होत नाही, हे तुमच्या लक्षातच आलं नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं."

"काका ऐकतच नव्हते," पियुष जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, साइट बंद करतो, नावं पुसतो. म्हणाले, पुसून काय होते? तुले मीच घेऊन जाईन ठाण्यात."

अंकितांनी ठाण्यात फोन लावला. "रूपरावला कोर्टात नेऊ नका. त्याच्या बायकोला आत बसवा, पाणी द्या."

मग त्यांनी सुमित्राबाईंचा जबाब लिहून काढला, वाचून दाखवला आणि पेन पुढं केलं.

"मी काई चुकीचं बोलली का बाई?"

अंकितांनी सहीची जागा बोटानं दाखवली. सुमित्राबाई कागदावर वाकल्या. अक्षर लागेना म्हणून हातानंच आजूबाजूला चाचपू लागल्या. पियुषनं सवयीनं मागच्या फळीवरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लावला, सगळा जबाब पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.