गोष्टीला 'हूं' म्हणणारा

सारखं विचारता, "दादा, जुने किल्ले, तलवारी, मांत्रिक असलेली एखादी भयकथा सुचवा ना!"

नाही सुचवणार. का ते एकदाच सांगतो. खोटं वाटलं तर वाटू द्या, माझ्या घरात घडलंय हे.

साल १९५८. टोकावड्याच्या पुढे, डोंगराखालची आमची वाडी. रात्रबित्र नव्हती हो... भर दुपार होती. भातकापणी चालली होती.

माझे वडील, चांगो, कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होते. तिथल्या मुकादमानं त्यांना एक फाटकं पुस्तक दिलं होतं. "वाच लेका, झोप उडाली नाय तर नाव बदलीन!"

त्यात एक सरदार किल्ल्याच्या दारात मांत्रिकाचं मुंडकं उडवतो. मुंडकं मरत नाही. ते ओ देतं... कुणाच्याही आवाजात.

वडील कापणीला सुट्टी काढून आले, ते पुस्तकासकट.

त्या दुपारी माझ्या थोरल्या काकाला, कमळूला, शेतात नाग चावला.

एसटी थेट संध्याकाळी. बैलगाडी शेजारच्या गावात, ती आणायला माणूस पळाला. आमच्या लोकांना एकच ठाऊक होतं. पान लागलेल्याला, म्हणजे साप चावलेल्याला, झोपू द्यायचं नाही. झोपला की संपला.

गंगीकाकी, म्हणजे काकाची बायको, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं बिचारीच्या.

"चांगो, तुझा तो बुक वाच रे! त्याला झोपू देव नको!"

वडील वाचू लागले. आमच्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतं. वाक्य संपलं की काका म्हणायचा, "हूं."

पुढचं वाक्य. "हूं."

पुढचं. "हूं..."

आवाज बारीक होत गेला.

मग बंदच झाला.

वडिलांना ते कळलं. तरी वाचत राहिले.

आणि... "हूं!"

आधीपेक्षा ठणठणीत.

काकी रडता रडता हसली. "वाच रे, थांबू नको!"

ते वाचतच होते. पुस्तकातून मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"चांगो, हात गार लागतो रे याचा..."

"हूं येतो ना, वयनी? मंग जिता हाय!"

"हूं."

गाडी आली. गाडीवाला म्हातारा भिमा वाकला, काकाची पापणी उचलली आणि वडिलांकडे बघतच राहिला.

"अरे, कुनाला वाचून दाखवतोस? हा कधीच गेला रे. ताठ झालाय."

वडिलांनी पुस्तक मिटलं. शेवटची पानं राहिली होती.

काकी मात्र मानायलाच तयार नव्हती. तो हूं म्हणत होता, तुमीच वाचायचं थांबवलंत, हेच तिचं पालुपद. दुसरं लग्न केलं नाही. दरवर्षी कापणीला वडिलांपुढे येऊन बसायची.

"वाच ना चांगो. एकच पान. त्याचा आवाज ऐकते नि उठते."

वडील भरल्या ताटावरून उठून जायचे. त्यांना साधी लग्नपत्रिकासुद्धा मोठ्यानं वाचताना मी पाहिलं नाही.

१९६७ साली काकी तापानं अंथरुणाला खिळली. वाचणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिनं पुन्हा तेच मागितलं. दुपारच होती. मी दाराशी उभा होतो.

वडिलांनी पुस्तक काढलं. एक वाक्य वाचलं.

काही नाही.

दुसरं वाचलं...

"हूं."

खाटेखालून.

काकीचा चेहरा असा उजळला! "कमळू!" म्हणत तिनं हात खाली सोडला, चाचपू लागली. वडील रडत होते, वाचत होते.

"हूं... हूं..."

एकाएकी तिनं हात झटकन वर घेतला.

"थांब, चांगो... हा आपला कमळू नाय रे."

तिनं हात गोधडीला पुसला.

"नुसतं डोकं हाय."

वडील थांबले. मी वाकून पाहिलं. खाटेखाली काहीच नव्हतं.

संध्याकाळी काकी गेली. भिंतीकडे तोंड करून. ज्या एका आवाजावर बाईनं नऊ वर्षं काढली, तोही शेवटी तिचा राहिला नाही.

पुस्तक माळ्यावर आहे. जाळायचा धीर होत नाही. शेवट ऐकायचा राहिलाय ना कुणाचा तरी...

लिहून झालं की मोठ्यानं वाचून बघायची माझी सवय. आज नाही वाचणार.

तुम्हीही मनातच वाचा.