डाव्या चाकाचा आवाज

मोबाईल ठेवा रे बाबांनो, नाहीतर मी उठतो! खोटं सांगून मला काय मिळणार?

आमचा सिद्धेश गोव्यात, साखळी गावाच्या पलीकडं, खाणीच्या वाटेवर राहायचा. जुनी व्हॅन होती त्याची. दोन हजार दहा साल, चौदा डिसेंबर, मंगळवार. गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या चाकात 'खट्' वाजायचं, म्हणून सकाळी तो शिवदास मेस्त्रीकडं गेला. शिवदासानं नुसत्या अंदाजानं चाकाजवळचा एक दांडा, लिंक रॉड, बदलला आणि म्हणाला, "जा बिनधास्त." अरे मूर्खा, जॅक लावून चाक हलवून बघायला पाच मिनिटं लागतात! संध्याकाळी आवाज परत सुरू. "फाल्यां सकाळी बघूया," म्हणत सिद्धेश जेवून झोपला.

रात्री पावणेबाराला त्याच्या बायकोला, गौरवीला, कळा सुरू झाल्या. आठवाच महिना. फोनला रेंज नाही. तिला मागच्या सीटवर निजवली आणि तो डिचोलीच्या दवाखान्याकडं निघाला. धूळ बसावी म्हणून खाणवाले रस्त्यावर टँकरनं पाणी मारायचे. सगळा तांबडा चिखल.

खट्. खट्. आधी खड्ड्यात, मग सपाट रस्त्यावरही. स्टिअरिंग डावीकडं ओढायला लागलं.

"थांबू नकात हां," गौरवी कण्हत म्हणाली. "थांबलात तर पोर हातचं जातलं."

तेवढ्यात चाकाकडं लोखंड करकरलं. गाडी डावीकडं कलली. सिद्धेशनं रडतच गाव राखणाऱ्या देवाला हाक मारली, "राखणदारा, बाबा... हात दी रे!"

आवाज बंद.

एकदम बंद. गाडी सरळ झाली. खड्डे तेच होते.

"काय झालं ओ?"

सिद्धेशला डाव्या खिडकीबाहेर बघायचं धाडस होईना. तिथं... कुणीतरी धापा टाकत होतं. खाली. चाकाच्या उंचीवर...

असे पाच किलोमीटर, थेट दवाखान्यापर्यंत.

पोरगी झाली. जगली, देवाची कृपा. उजाडल्यावर सिद्धेशनं शिवदासाला दवाखान्यात बोलावून घेतलं. ह्या खेपेला त्यानं आधी जॅक लावला. चाकाला हात घातला तर ते लटपटलं, त्यानं हात चटकन मागं घेतला. चाक पेलून धरणारा बॉल जॉइंट पुरता निखळला होता.

"सिद्धेशा, ही गाडी दहा पावलं जायची नाही रे," तो म्हणाला. तोंड पांढरंफटक.

मग दोघांनी खाली बघितलं. दवाखान्याच्या फाटकापासून सिमेंटवर, डाव्या चाकाच्या बाजूबाजूनं, तांबड्या चिखलाची अनवाणी पावलं. ही एवढी मोठी. गाडी थांबली होती तिथपर्यंत आलेली...

परत गेलेलं पाऊल एकही नव्हतं.