जॅनिसच्या माळ्यावरचे सहा दिवे

माळ्यावर चढण्याआधी खालून दिवे मोजायचे, ही माझी तीस वर्षांची सवय. छतात बसवलेले दिवे खालून गोजिरे दिसतात, पण वर त्यांची तापलेली बुडं उघडीच असतात. त्यावर ग्लासवूल, म्हणजे घर उबदार ठेवणारी काचेच्या तंतूंची लोकर, पसरली की उष्णतेला जायला वाट राहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्यावर न जळणारी टोपी ठेवायची, लोकर टोपीच्या कडेशी थांबवायची आणि लोकर दबू नये म्हणून तुळयांवर उंच पाय लावून मगच फळ्या ठोकायच्या. हॅलिफॅक्समधल्या शेकडो घरांत मी हे इमानाने केलं. फक्त स्वतःच्या घरात केलं नाही.

दिव्यांच्या भोकांतून गार वारा येतो म्हणून माझी बायको डोरीन महिनाभर कुरकुरत होती. एका रविवारी मी वैतागून वर गेलो आणि कुणाच्या तरी कामावरून उरलेली लोकर दिव्यांवरूनच सरसकट अंथरून आलो. लोकांना शहाणपण शिकवणारा मी, घरासाठी सहा टोप्या आणायचा मला कंटाळा. त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी माळा पेटला. मी बाहेर पडलो, डोरीन नाही. चौकशीला आलेल्यांनी खराब दिव्याला दोष दिला आणि मी मान डोलावली. बिचाऱ्या लेनने शर्थ केली, असं सगळी गल्ली माझ्याबद्दल म्हणाली. आमची एकुलती एक मुलगी जॅनिस अंत्यविधीला माझा हात धरून उभी होती. तो हात सुटू नये म्हणून मी चार वर्षं तोंड शिवून बसलो.

या जानेवारीत तिने जुनं दगडी घर घेतलं आणि माळ्याचं काम मलाच सांगितलं. "दुसरा कुणी नको, डॅड. तू केलंस की मी निर्धास्त झोपेन." मला स्वतःची किळस आली. तरी हो म्हणालो.

सोमवारी मी तिच्या बेडरूममधले सहा दिवे मोजले, कागदावर जागा आखल्या आणि वर गेलो. सहाही टोप्या बसवल्या, त्यांच्या कडेने लोकर कापून बेतली आणि माळ्यावर चढायच्या झाकणाजवळ चार फळ्या टाकून घरी गेलो.

मंगळवारी सकाळी सहाही टोप्या एकात एक घालून तुळईवर ठेवलेल्या होत्या. दिव्यांवर लोकर पांघरलेली होती, नुसती टाकलेली नव्हे. कडा आत दुमडून कोपऱ्यांना तिरकी घडी घातली होती. अशी घडी इस्पितळातल्या बायका घालतात. डोरीनने बावीस वर्षं वॉर्डातल्या खाटा आवरल्या होत्या. घरची चादरही ती तशीच खोचायची, आणि पाय हलवायला जागा नाही म्हणून मी रोज रात्री तक्रार करायचो.

वर कुणी गेलं होतं का, असं मी जॅनिसला विचारलं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तिचे पाय लटपटतात. ती म्हणाली, "मी? वर? तुला चहा हवाय, डॅड."

मी सगळं पुन्हा केलं. निघताना वरच्या दिव्यांचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि माळ्याचं झाकण चार स्क्रूंनी बंद केलं.

बुधवारी चारही स्क्रू जागच्या जागी होते. त्यांच्यावर मी मारलेली पेन्सिलची रेघही मोडली नव्हती. मी झाकण उघडलं आणि आधी वास आला, भाजलेल्या धुळीचा. लोकर पुन्हा पांघरलेली होती, घड्या तशाच. मी लोकरीखाली हात घालून एका दिव्यावर तळहात ठेवला.

दिवा गरम होता.

फ्यूज माझ्या खिशात होता. मी तो चाचपून पाहिला.

लोकर उचलली. तिच्या खालच्या बाजूला बशीएवढे सहा तपकिरी डाग पडले होते. मधला काळा व्हायला आला होता.

मी ती सगळी लोकर गोळा केली आणि चार खेपांत गाडीत नेऊन कोंबली. या छताखाली माझी मुलगी झोपते. आता गप्प बसलो तर दुसऱ्यांदा तेच करणार होतो. तिने माझं तोंड पुन्हा पाहिलं नाही तरी चालेल, असं स्वतःला बजावत मी स्वयंपाकघरात गेलो.

ती बटाटे सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्या दिव्यांवर लोकर मीच टाकली होती, दिवा खराब नव्हता, या घरात आज झोपू नकोस.

तिची सुरी थांबली नाही.

"लोकरीचं मला माहीत आहे," ती म्हणाली.

कुणी सांगितलं, हे मी विचारायच्या आतच ती पुढे बोलली.

"आता जिन्याचं सांग."

त्या संध्याकाळी धुरात डोरीनने जिन्याच्या वरच्या टोकावरून मला दोनदा हाक मारली होती. मी खालच्या पायरीवर होतो आणि दार उघडं होतं. मी वळलो नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकीला मी पुरलं होतं.

जॅनिसने सोललेला बटाटा पाण्यात टाकला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता, छताकडे पाहत उत्तराची वाट बघत राहिली.