तिकिटांचे दाते

"अगं, या तिकिटांना दातेच नाहीत!" प्रज्ञा काचेला नाक लावून ओरडली.

चोपड्याच्या वाचनालयात महाराष्ट्र दिनाचं प्रदर्शन मांडून झालं होतं, उद्घाटन तेवढं बाकी होतं. राज्याच्या स्थापनेची, इतिहासाची टपाल तिकिटं अभिमन आबांनी पन्नास वर्षं जमवली होती. पण काचेमागच्या तिकिटांच्या कडा सपाट होत्या. दात्यांच्या जागी नुसते छापलेले ठिपके!

"रंगीत झेरॉक्स!" डिंपल म्हणाली. "मग खरी कुठे गेली?"

संयोजक प्रेमराजभाऊ मंडपात माइक तपासत होते. "नंतर या रे! आता वेळ नाही!"

मग कुंदन, प्रज्ञा आणि डिंपल स्वतःच मागच्या सामानाच्या खोलीत शिरली. रॅकमागे वाकून शोधताहेत तोच धाडकन दार लागलं. बाहेरून कडी सरकली!

"दार उघडंच टाकतात लेकाचे!" प्रेमराजभाऊंचा आवाज दूर गेला.

"भाऊ! आम्ही आत आहोत!"

पण बाहेर लाउडस्पीकर दणाणू लागला होता. तिघांनी दार बडवलं, घसा फोडला. कोण ऐकणार? खिडकी नाही, वर तापलेले पत्रे. डिंपल रडवेली झाली. "मला गुदमरतंय गं!"

"आणि पाय का भिजले?" कुंदन दचकला.

भिंतीतल्या कुलरची टाकी फुटली होती! उंचच उंच उंबरठ्यामुळे पाणी बाहेर जाईना, आतच चढत होतं. रॅकखाली, फरशीवर आबांचा अल्बम! खालची पानं भिजायला लागली होती.

"मागचा डिंक विरघळला की सगळी एकमेकांना चिकटतील!" प्रज्ञाने अल्बम उचलला. डिंपलने रडणं विसरून वरच्या फळीवर रद्दी पसरली. दोघी एकेक पान सुटं करून त्यावर ठेवू लागल्या.

कुंदनची नजर मेन स्विचवर गेली. "हा बंद केला तर माइकही बंद!"

"पाण्यात उभा राहून हात लावू नकोस!" प्रज्ञा ओरडली.

तो कोरड्या टेबलावर चढला, पाय पुसले, हात पुसले आणि लाकडी पट्टीने दांडा खाली ओढला. मिट्ट काळोख! बाहेर एकदम शांतता.

"वाचवा!" तिघं एकसुरात किंचाळली.

कडी निघाली. दारात प्रेमराजभाऊ, मागे आबा. पाणी बघून भाऊंचा चेहरा उतरला. "उन्हाने रंग उडतील म्हणून झेरॉक्स लावल्या, आबा. अल्बम खाली ठेवला नि विसरलोच. चुकलं माझं!"

आबांनी पान न् पान पाहिलं. दोनच तिकिटं चिकटली होती. त्यांचे डोळे भरून आले. "बठ्ठं वाचाडं पोरेहो! सगळं वाचवलंत! उद्घाटन आता तुम्हीच करणार!"

"करू की!" डिंपल धापा टाकत म्हणाली. "पण आधी प्यायला पाणी द्या हो, आबा!"